शेवटची लेन

डॉक्टर भूपाल मगदूम दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात वारले, तरी ते रोज कामावर येत होते. फक्त त्यांना बघायचं तर कॅमेरा निदान दोन मिनिटं उघडा ठेवावा लागे. जुन्या माणसासाठी एवढं करायला संस्थेत कुणाची हरकत नव्हती. मिरजेबाहेरच्या माळावर जनावरांच्या रोगांवर काम करणारी ती संस्था, आणि मगदूम तिथले सर्वांत जुने शास्त्रज्ञ. मेल्यावर माणसाने घरी बसावं असा काही नियम सेवापुस्तकात सापडला नाही.

कॅमेरा चालवायचं काम त्यांच्या पत्नीकडे होतं. शरयूबाई मगदूम या त्याच संस्थेत तांत्रिक सहायक होत्या आणि इमेजिंगची खोली त्यांच्या ताब्यात होती. हा कॅमेरा लग्नकार्यातला नव्हे. गाईम्हशींच्या रक्तातलं एखादं प्रथिन शोधायचं असलं की रक्ताचे नमुने जेलमधून, म्हणजे खळीसारख्या घट्ट थरातून, शेजारी शेजारी पळवतात. एकेका नमुन्याच्या उभ्या पट्टीला लेन म्हणतात. मग ते सगळं पोस्टकार्डाएवढ्या पांढऱ्या पडद्यावर उतरवून घेतात, तो ब्लॉट. त्यावर औषध ओतलं की हवं ते प्रथिन जिथे असेल तिथे उजेड निघतो, पण इतका मिणमिणता की डोळ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. कॅमेरा अंधारात डोळा उघडून बसतो आणि तो उजेड थेंबाथेंबाने साठवतो. पुढे संगणकाच्या पडद्यावर उजेड काळा उमटतो आणि काळोख पांढरा; प्रथिनाच्या त्या काळ्या रेघेला बँड म्हणतात. त्याची सवय होते.

सगळी करामत किती वेळ उघडं ठेवायचं यात. कमी ठेवलं तर काहीच दिसत नाही. जास्त ठेवलं तर खरं तेही काळं, खोटं तेही काळं, बोटांचे ठसेसुद्धा मिरवायला लागतात. यंत्राला ‘ऑटो’ नावाचं एक बटण होतं, त्यावर शरयूबाईंनी चिकटपट्टी लावून टाकली होती. वेळ त्या स्वतःच ठरवत, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

दोन नियम मात्र मगदूमांचे होते. पहिला, ब्लॉटची शेवटची लेन रिकामी ठेवायची. काहीच न घातलेल्या जागी काही उमटलं, तर बाकीच्यांवरही विश्वास ठेवायचा नाही. दुसरा नियम लाल दिव्याचा. कॅमेऱ्याच्या पेटीच्या दाराचं रबर झिजलेलं होतं, नव्या रबराची मागणी तीन वर्षं ‘विचाराधीन’ होती, म्हणून कॅमेऱ्याचा डोळा उघडा असताना अख्खी खोलीच अंधारी करावी लागे. शरयूबाई आतून कडी लावून बसत आणि बाहेर चौकटीवर लाल दिवा लागे. लाल दिवा असताना दार वाजवायचं नाही. दार वाजलं की आतला माणूस उठतो, उठला की कडी काढतो, आणि दिवसाची मेहनत पाण्यात जाते. खुद्द संचालक आले तरी त्यांनी बाहेरच्या बाकावर बसावं, असं मगदूमांनी भर बैठकीत सांगितलं होतं.

वारले त्या दिवशी मगदूम शरयूबाईंना जेवायला बोलवायला आले होते. दोघं रोज आवारातल्या करंजाच्या झाडाखाली एकाच डब्यातलं जेवत. छातीत सकाळपासून काहीतरी होत होतं, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दारावर लाल दिवा होता. आत फरीन मुजावरचा ब्लॉट लागला होता. फरीन पीएच.डी. करत होती, आणि तिचं प्रथिन इतकं अशक्त होतं की शरयूबाईंनी वेळ बराच वाढवून ठेवला होता. मगदूम बाकावर बसले. दार त्यांनी वाजवलं नाही.

दिवा विझल्यावर शरयूबाईंनी दार उघडलं तेव्हा ते भिंतीला डोकं टेकून बसलेले होते.

चूक कुणाचीच नव्हती. सगळ्यांनी शरयूबाईंना तसं सांगितलं, आणि त्यांनाही ते पटत होतं. त्यांना वेगळीच गोष्ट टोचत होती. कपाटात डबा तसाच होता, ज्वारीच्या भाकऱ्या, दोडक्याची भाजी आणि जवसाची चटणी. माणूस आज ना उद्या जातोच, पण हे उपाशी गेले. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला कधी उपाशी घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. तो घास काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरेना.

दिवसपाणी आटोपून त्या कामावर रुजू झाल्या तेव्हा फरीन त्यांची वाट बघत होती.

“मॅडम, त्या दिवशीचा ब्लॉट मी उघडला. माझा बँड आलाय,” ती म्हणाली, आणि जरा थांबून पुढे म्हणाली, “पण शेवटच्या लेनमध्ये सर आलेत.”

शरयूबाईंनी पाहिलं. रिकाम्या लेनमध्ये, बोटाच्या पेराएवढे, बाकावर बसलेले मगदूम. दोन्ही हात गुडघ्यांवर. खिशाला दोन पेनं, चष्मा कपाळावर चढवलेला.

“लेनमध्ये काही घातलं होतंस?”

“नाही मॅडम, शप्पथ. रिकामीच होती.”

“मग हेच आहेत,” शरयूबाई म्हणाल्या.

त्यानंतर ब्लॉट कुणाचाही असो, शेवटच्या लेनमध्ये मगदूम येऊ लागले. लाल दिवा लागला की येत, बाकावर बसत. दोनतीन जणांनी दिवा चालू असताना व्हरांड्यात उभं राहून बाकाकडे निरखून पाहिलं, तर बाक रिकामा. डोळ्याला दिसेल इतका उजेड त्यांच्यात नव्हता, एवढंच. त्या बाकावर मात्र पुढे कुणी बसेना.

प्रशासन अधिकारी लोखंडे यांना सुरुवातीला थोडं अवघड गेलं. सदाशिव लोखंडे आणि मगदूम एकाच वर्षी नोकरीला लागलेले. लोखंड्यांनी नियम चाळले, मान खाजवली आणि रोज दुपारी एक चित्र छापून मस्टरला चिकटवायला सुरुवात केली. वीज गेली त्या दिवशी त्यांनी मगदूमांची किरकोळ रजा मांडली. फरीनच्या निबंधावर परदेशातल्या परीक्षकाने विचारलं की शेवटच्या लेनमध्ये कोण आहे. तिने उत्तर दिलं, आमचे सर. परीक्षकाने शोक कळवला आणि चित्राखाली तशी नोंद करायला सांगितली.

शरयूबाईंचं म्हणाल तर त्यांना बरं चाललं होतं. घरी गेल्यावर भिंती खायला उठत, पण सकाळी कडी लावून अंधारात बसलं की दाराच्या पलीकडे कुणीतरी आहे हे त्यांना ठाऊक असे. चित्र आलं की त्या आधी ते बघत, मग लोकांचे बँड. “आज पाय जवळ घेऊन बसलेत. गारठा आहे ना,” असं त्या फरीनला सांगत. रोज डबा दोघांचा करत, आणि दुपारी अर्धा परत नेत.

थंडी संपता संपता दोन मिनिटं पुरेनाशी झाली. आधी पाच लागली, मग दहा. ब्लॉटवरचा उजेड ओसरत जातो हे शरयूबाईंना कुणी शिकवायला नको होतं. बघाल तितका तो संपतो. वेळ वाढवला की मगदूम दिसत, पण त्यांच्याबरोबर भलतंसलतंही उठून येई, चिमट्याचे ओरखडे, हातमोज्यांचे डाग, ब्लॉटच्या सुरकुत्या. चेहरा त्या गर्दीतून शोधावा लागे. बिनिंग करून बघू या, असं फरीनने सुचवलं. त्यात चार ठिपके मिळून एक धरतात, उजेड चौपट होतो. करून बघितलं. मगदूम लगेच आले, पण चष्मा कुठे संपतो आणि कपाळ कुठे सुरू होतं ते कळेना.

“हे कुणीही असू शकेल,” शरयूबाई म्हणाल्या आणि त्यांनी ते चित्र पुसून टाकलं. फरीनने पुन्हा विषय काढला नाही.

मार्च लागला तसं संचालक रेग्यांनी त्यांना बोलावलं. रेगे वाईट माणूस नव्हते. त्यांनी आधी चहा मागवला, तेव्हाच शरयूबाईंनी ओळखलं.

“शरयूताई, वरून विचारणा आहे. मगदूमांचं पद भरलेलं समजायचं की रिकामं? मार्चअखेर ठरलं नाही तर पदच जाईल.”

“भरलेलंच आहे की साहेब. येतात ते रोज.”

“येतात, मान्य आहे. पण हजेरी दिसली पाहिजे, आणि दिसण्याला काही एक मापदंड हवा. कधी दोन मिनिटं आणि कधी पंधरा, असं कसं चालेल? मी काल ऑटोवर घेऊन बघितलं.”

“पट्टी काढलीत?”

“काढली. काही सेकंदांत चित्र आलं, स्वच्छ. मगदूम नव्हते.”

कोपऱ्यात बसलेले लोखंडे आपल्या बुटांकडे बघत राहिले.

“ऑटो सगळ्यांत उजळ काय आहे ते बघतं आणि तेवढ्यावर थांबतं,” शरयूबाई म्हणाल्या. “हे आयुष्यात कधी सगळ्यांत उजळ नव्हते, साहेब. यांना जरा वेळ द्यावा लागायचा. मला स्वतःला लग्नानंतर दोन वर्षं लागली.”

रेग्यांनी चहाचा कप फिरवला. मग ते म्हणाले, “ठीक आहे. सोमवारी तुम्हाला योग्य वाटेल तो वेळ लावा. अर्धा तास लावा, एक तास लावा. ते दिसले तर मी हजर म्हणून सही करीन आणि त्यांच्या निवृत्तीपर्यंत पुन्हा हा प्रश्न काढणार नाही. माझा शब्द.”

लोखंडे जिन्यापर्यंत सोबत आले. “झालं की वहिनी मनासारखं,” ते म्हणाले. “आता वेळ तेवढी नीट ठरवा बघू. एकच संधी हाय.”

शनिवारी शरयूबाईंनी फरीनला मदतीला घेऊन मालिका लावली. यात कॅमेरा डोळा मिटत नाही. ठरावीक वेळाने तोवर साठलेलं दाखवतो आणि पुढे बघत राहतो. आजवर त्यांनी मगदूम दिसेपर्यंत वेळ लावला होता, दिसले की थांबवलं होतं. त्यापुढे काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. दोघी संगणकाच्या पडद्यासमोर बसल्या. पडद्याचा उजेड पेटीपर्यंत जाऊ नये म्हणून मध्ये काळं कापड धरलं होतं.

पहिली तीन चित्रं पांढरी. चौथ्यात बाक आला. मग मगदूम, गुडघ्यांवर हात ठेवून. शरयूबाईंना हायसं वाटलं. पुढच्या चित्रात गुडघ्यांवरचे हात तिथेच होते, पण आणखी एक हात छातीवर उमटला होता. जुनं पुसत नाही, त्याच्यावरच नवं साठत जातं, त्यामुळे एका माणसाला तीन हात झाले होते. त्याच्या पुढच्या चित्रात ते अर्धवट उठलेले होते आणि चौथा हात, मूठ वळलेला, लेनच्या कडेकडे गेला होता. तिकडे दार होतं.

“वाजवतायत,” फरीन कुजबुजली.

पुढच्या चित्रात ती मूठ खाली आली. दारावर काही पडलं नाही. ते परत बाकावर बसले.

शरयूबाईंनी मालिका तिथेच बंद केली. पुढचं चित्र त्यांना माहीत होतं. मग त्यांना रडू फुटलं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मोठ्याने, आणि फरीन त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

“मॅडम, एक बोलू?” ती थोड्या वेळाने म्हणाली. “सर कामावर येतच नाहीयेत. ते तुम्हाला जेवायला बोलवायला येतायत.”

“माहितेय गं.”

“आपण वेळ वाढवतो तेवढं त्यांना...”

“माहितेय म्हटलं ना.”

रविवार त्यांनी घरी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. सोमवारी किती वेळ लावायचा ते ठरवायचं होतं. दहा मिनिटं लावली तर मगदूम दिसणार नाहीत, ते आता तेवढ्यात येत नव्हते, आणि गैरहजर लागतील. अर्धा तास लावला तर नक्की दिसतील, सगळे हात दिसतील, आणि साहेब सही करतील. मग निवृत्तीपर्यंत रोज दिवा लागेल आणि रोज तो माणूस छाती धरून बसेल, मूठ उगारेल आणि खाली घेईल, कारण नियम त्याचाच आहे. संध्याकाळी शरयूबाईंनी दोडकी चिरायला घेतली आणि जवस भाजले.

सोमवारी रेगे आणि लोखंडे व्हरांड्यात येऊन उभे राहिले. बाकावर कुणी बसलं नाही. फरीनने नवा ब्लॉट आणून दिला, शेवटची लेन रिकामी ठेवून. शरयूबाईंनी तो पेटीत ठेवला, डब्याची पिशवी खुर्चीला अडकवली आणि दाराशी येऊन विचारलं, “साहेब, अर्धा तास लावते. चालेल?”

“हवा तेवढा लावा,” रेगे म्हणाले.

कडी लागली. बाहेर लाल दिवा लागला.

आत काळोख होता. यंत्राचा पंखा तेवढा फिरत होता. शरयूबाई नेहमीच्या जागी बसल्या. आता आले असतील, त्यांनी विचार केला. आता बसले असतील. वेळ जात राहिला तसे त्यांचे कान दाराकडे लागले. टकटक होणार नव्हती, ते त्यांना पक्कं माहीत होतं. या माणसाने जन्मात स्वतःचा नियम मोडला नव्हता. छातीवर हात गेला असेल. आता उठत असतील.

अर्ध्या तासातला निम्मा वेळही झाला नव्हता. शरयूबाई उठल्या, अंधारात चाचपडत दारापर्यंत गेल्या आणि कडी काढली.

व्हरांड्यातलं ऊन धाडकन आत आलं. रेगे “अहो, अहो, दिवा!” असं काहीतरी म्हणाले. लाल दिवा अजून जळत होता.

“या,” शरयूबाई बाकाकडे बघत म्हणाल्या. “वाजवायचं नाही का? असू दे. चला, जेवून घेऊ.”

त्यांनी आतून पिशवी घेतली, पदर सारखा केला आणि व्हरांड्यातून चालू लागल्या, त्यांच्या नेहमीच्या चालीपेक्षा जरा सावकाश. व्हरांडा अरुंद होता. लोखंडे पटकन मागे सरले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले, दोघांना शेजारी शेजारी जाता येईल इतकी वाट सोडून.

चित्र फरीनने काढून आणलं. इकडून तिकडे काळंभोर, एकही बँड ओळखू येत नव्हता. फक्त शेवटची लेन वरपासून खालपर्यंत पांढरी होती. बाकसुद्धा नव्हता.

“म्हणजे काय समजायचं?” रेग्यांनी विचारलं.

“चित्र वाया गेलंय सर,” फरीन म्हणाली. “पण लेन रिकामी आहे, आणि ती रिकामीच ठेवायची असते.”

रेग्यांनी चित्र बराच वेळ हातात धरलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि चित्र लोखंड्यांकडे दिलं. “मस्टर पूर्ण करून घ्या,” ते म्हणाले आणि आपल्या खोलीकडे गेले.

लोखंडे मस्टर काखेत मारून करंजाच्या झाडाकडे निघाले. झाडाखाली जाऊन पोचायची त्यांनी घाई केली नाही. लांबूनच शरयूबाईंचं बोलणं ऐकू येत होतं, भाजीत मीठ कमी झालं का असं काहीसं. ते थांबून राहिले. बोलणं संपल्यावर पुढे गेले. शरयूबाई डब्याचे पुडे एकात एक बसवत होत्या. समोर दोन झाकणं होती आणि दोन्ही रिकामी होती. परत न्यायला डब्यात काही उरलं नव्हतं.

“वहिनी,” लोखंडे हळू आवाजात म्हणाले, “मस्टरला ल्ह्यायचं हाय. डॉक्टर कधी गेले?”

“आत्ताच,” शरयूबाई म्हणाल्या. “जेवून गेले.”

लोखंड्यांनी उभ्याउभ्याच मस्टर उघडलं, आणि वेळेच्या रकान्यात तसंच लिहिलं. शरयूबाई दोन्ही झाकणं घेऊन नळावर धुवायला गेल्या.